ब्रेकवरचा पाय

आप्पा, मी आता जी गाडी चालवते तिला क्लच नाही, गिअर नाही, आणि ब्रेक असला तरी या उन्हाळ्यापर्यंत दिवसदिवस त्याला पाय लागत नव्हता. तुम्ही असतात तर पहिल्याच चौकात उतरून चालत घरी आला असतात. विजेवरची गाडी आहे. एकाच पेडलवर सगळा कारभार. दाबलं की पळते, पाय सैल केला की हळू होते, पूर्ण उचलला की आपोआप उभी राहते. उतारावर तुम्ही खालचा गिअर टाकून ट्रक धरायचात ना, तसंच काहीसं, पण त्याहून कितीतरी जोरात. जी मोटर चाकं फिरवत असते तिलाच पाय उचलल्यावर चाकं फिरवायला लागतात. त्यातून वीज तयार होते, ती परत बॅटरीत जाते, आणि त्या ओढीनं गाडी मंदावते. सोळा वर्षं मी शिरूरला गाडी शिकवण्याचा क्लास चालवते आहे. बहुतेक बायकाच येतात शिकायला, कारेगावच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या, शिक्षिका, दोन नर्स. मागच्या दिवाळीला ही गाडी घेतली तेव्हा पहिले आठ दिवस माझा उजवा पाय सारखा ब्रेककडं धावायचा आणि गाडी गचकन थांबायची. शेजारी बसलेली आई म्हणायची, "अगं, पोटातलं पाणी हललं माझ्या." मग हळूहळू पाय शहाणा झाला. म्हणजे मला तसं वाटलं.

तो पाय तुम्ही घडवला होता. मी बारा वर्षांची असताना न्हावऱ्याच्या अलीकडच्या माळावर तुम्ही मला ट्रकच्या स्टिअरिंगवर बसवलंत, पाठीमागं खताचं रिकामं पोतं दुमडून ठेवलंत आणि स्वतः शेजारी बसलात. मांडीवर बाभळीचा दांडका, टायर ठोकून हवा बघायचा. तुम्ही मध्येच, माळावर काहीही नसताना, "ब्रेक" म्हणायचात. शब्द पुरा व्हायच्या आत पाय पोचला नाही तर दांडका नडगीवर. एकदा नाही, पाय बरोबर पडेपर्यंत. "डोक्याला कशाला इचारतीस? मानूस आडवा आला तर डोकं सांगंपतुर त्यो चाकाखाली गेल्याला आस्तो. पायाला आपलं आपून कळाया पायजे," असं तुम्ही म्हणायचात. तिसऱ्या दिवशी नडगीची कातडी फाटली आणि रक्त चपलेत उतरून पाय घसरायला लागला. तुम्ही गळ्यातल्या टॉवेलनं नडगी आवळून बांधलीत आणि म्हणालात, "आता पुन्यांदा." घरी आई हळद दाबत बसली होती. "पोरीच्या नडग्या फोडताय, उद्या कोन करील तिला," एवढंच ती म्हणाली, तर तुम्ही चुलीपुढं बसलेल्या बाईच्या कमरेत लाथ घातलीत. तिचा हात तव्याला लागला. ती ओरडली नाही. तुम्हाला आठवत असेल, आई ओरडायची नाही, फक्त श्वास आत घ्यायची आणि तो तसाच धरून ठेवायची.

तरी त्याच महिन्यात तुम्ही दौंडच्या बाजारातून माझ्यासाठी पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट आणलेत. वर्गात कुणाकडं तसे बूट नव्हते. "चपलंतनं पेडल कळत न्हाई," म्हणालात आणि खाली बसून स्वतःच्या हातानं नाड्या बांधून दिल्यात. तुमच्या डोक्यावरचं टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा वरून पाहिलं. मला रडू आलं होतं. तुम्हाला वाटलं बूट चावतात म्हणून, आणि तुम्ही नाडी सैल केलीत. आणि शिकवलेलं लागलं, हेही खरं. एकोणिसाव्या वर्षी काष्टीजवळ उसाच्या ट्रॉलीमागून एक म्हातारी एकाएकी रस्त्यावर आली, तेव्हा ती मला दिसायच्या आधी माझा पाय ब्रेकवर होता. पुढं क्लासच्या गाडीत तर किती वेळा. तीस वर्षांत माझ्या हातून साधी कोंबडीसुद्धा मेली नाही. हे मी शिकायला येणाऱ्या बायकांना अभिमानानं सांगायचे. नडगीचं सांगायचे नाही.

पण शिक्रापूरचं लिहायला पाहिजे. तुम्ही ते मला विसरायला सांगितलं होतं, आणि मी चौदा वर्षांची असल्यामुळं, विसरणं हेही पाठांतरासारखं जमेल असं मला वाटलं होतं. उन्हाळ्याची सुट्टी होती. दौंडच्या मालधक्क्यावरून खत भरून आपण शिक्रापूरच्या गोदामाकडं निघालो होतो. चौफुल्यावर तुम्ही जेवणाबरोबर प्यायला होतात. दुपारचे दोन वाजले असतील. शिक्रापूर म्हणजे तेव्हा एक चौक, दोन हॉटेलं आणि पंक्चरवाला. त्याच्या अलीकडं एक माणूस सायकलवरून चालला होता, कॅरियरच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. कडेला वाळू सांडली होती, ती चुकवायला तो थोडा आत आला. तुम्ही तंबाखूच्या पुडीत बघत होतात. मी "आप्पा" म्हणाले. पहिला आवाज पत्र्याचा आला. दुसरा आवाज पत्र्याचा नव्हता. मी डावीकडच्या आरशात पाहिलं. रस्त्यावर दूध पसरत चाललं होतं आणि त्या दुधात तो माणूस कुशीवर पडला होता, एक पाय अजून सायकल चालवल्यासारखा हलत होता. तुम्हीही आरशात पाहिलंत. आणि मग तुम्ही गिअर टाकलात.

"आप्पा, थांबा, मानूस हाय," मी म्हणाले. तुम्ही डाव्या हाताची पालथी मूठ माझ्या तोंडावर मारलीत. अंगठी दातावर बसली, पुढचा दात मधोमध तुटला आणि तुकडा मी रक्ताबरोबर गिळला. "काय बघितलंस?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, मानूस. दुसऱ्यांदा मारलंत. "काय बघितलंस?" तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा मी म्हणाले, काय न्हाई. तेव्हा मारायचं थांबलात. पुढं कालव्याच्या कडेला ट्रक लावून तुम्ही बंपर धुतलात, बादलीवर बादली. बादलीची कडी सारखी तुमच्या हातातून निसटत होती. परत येऊन बसलात आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "थांबलो आस्तो तर जित्ता जाळला आस्ता मला. नगरच्या पुढं एकाला जाळल्याला मी या डोळ्यांनी बघितलाय. तुला बी सोडली नस्ती." आणि तुम्ही रडलात, आप्पा. माझ्या तोंडातून रक्त गळत होतं आणि शेजारी तुम्ही रडत होता. मला समजेना की मी कुणासाठी घाबरायचं.

घरी तुम्ही आईला सांगितलंत की पोरगी केबिनच्या पायरीवरून पडली. मीही तेच सांगितलं. आईनं माझा ओठ उलटून दात पाहिला. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी ती सकाळी कुणाला न सांगता घराबाहेर पडली आणि दिवस कलताना परत आली. तुम्ही ओट्यावर बसला होतात. "कुठं गेलतीस?" तुम्ही विचारलंत. ती म्हणाली, "न्हाई सांगत." आयुष्यात एवढ्या एकाच वेळी तिनं तुम्हाला असं उत्तर दिलं असेल. तुम्ही दांडका घेतलात. पहिले फटके पाठीवर होते. मग तिनं डोकं वाचवायला हात वर केला आणि तुम्ही हातावर मारलंत. मनगटाचा आवाज मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकला, वाळक्या तुराटीसारखा. तरी तुम्ही विचारत होता, कुठं गेलतीस, आणि ती खाली बसून श्वास धरून होती. मी दारात उभी होते. हातात पळी होती. मी ती पळी सोडली नाही आणि उचललीही नाही. हाड बसवणाऱ्यानं हात वाकडाच बसवला. दोन महिने आईला भाकरी थापता आली नाही, म्हणून मी थापायला शिकले. आजही तिची भाकरी एका बाजूला जाड होते. गावात सगळ्यांना माहीत होतं की नवऱ्याला न विचारता माहेरी गेली म्हणून मार खाल्ला. मलाही या उन्हाळ्यापर्यंत तेवढंच माहीत होतं.

या उन्हाळ्यात एका सकाळी मी आईला डोळे दाखवायला दौंडला घेऊन निघाले. एरवी मी गाडी पूर्ण चार्ज करत नाही, ऐंशी टक्क्यांवर बंद करते. त्या दिवशी दौंडहून परस्पर पुण्याला एक काम होतं, म्हणून शंभर होऊ दिली. आता हे तुम्हाला नीट सांगायला पाहिजे, कारण सगळं त्यातच आहे. भरलेल्या बॅटरीत नवी वीज घ्यायला जागा नसते. मग पाय उचलला तरी मोटर ओढ धरत नाही, गाडी नुसती घरंगळत राहते. थोडं अंतर चालून बॅटरी उतरली की ओढ परत येते. हे मला माहीत होतं. गाडीच्या पुस्तिकेत वाचलं होतं, समोरच्या पडद्यावर तशी सूचना येते हे माहीत होतं, आणि क्लासमध्ये फळ्यावर चित्र काढून मी ते बायकांना शिकवलं होतं. त्या दिवशी सूचना आली असणारच. मी आईचा चष्मा पिशवीत आहे का ते बघत होते. शिरूरमधून बाहेर पडताना दोन-तीनदा गाडी जरा पुढं सरकल्यासारखी वाटली. रस्ता उताराचा आहे, असं मी मनाशी म्हणाले.

शिरूर सोडून सात-आठ किलोमीटर गेल्यावर एक वस्ती लागते. गतिरोधक आहे, चहाची टपरी आहे. पुढं एक मोटरसायकल होती, नवरा-बायको. बाईच्या मांडीवर पिशवी. गतिरोधक आला म्हणून त्यांनी वेग कमी केला. मीही पाय उचलला. आणि गाडी थांबेना, आप्पा. ती तशीच चालत राहिली, आवाज नाही, काही नाही. माझा पाय हवेत होता. मी तो पाहिला, खरंच खाली मान घालून पाहिला, जणू दुसऱ्या कुणाचा पाय आहे. तो कुठंच गेला नाही. तुम्ही नडगी फोडून जे शिकवलं होतंत ते तीस वर्षं टिकलं आणि सहा महिन्यांच्या आरामात पुसून गेलं. तो ब्रेकवर पडला तेव्हा मोटरसायकल आमच्या बंपरखाली आली होती. बाई उडून रस्त्याच्या कडेच्या दगडावर डोक्यावर पडली. माणूस मोटरसायकलसकट फरफटत गेला आणि बाजूला फेकला गेला. त्याचं ओरडणं काचा बंद असूनही आत आलं. गाडी त्यांच्या जरा पुढं जाऊन उभी राहिली.

मी आरशात पाहिलं. बाई हलत नव्हती. माणूस स्वतःच्या मांडीकडं बघत होता, मांडी जिथं वाकू नये तिथं वाकली होती. टपरीवरची माणसं अजून वळत होती, बाकावरून उठत होती. समोर रस्ता मोकळा होता, लांबपर्यंत. मी विचार केला नाही. पाय उजवीकडं सरकला आणि पेडल दाबलं गेलं. या गाडीला गुरगुराट नाही, गिअर टाकायचा नाही, पळून जाताना तुम्हाला जेवढं करावं लागलं तेवढंही मला करावं लागलं नाही. झाडं मागं जायला लागली.

आई पुढच्या सीटवर होती. ती ओरडली नाही. तिनं वाकडा हात माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "थांब. शिक्रापूरला त्यो बी थांबला न्हवता."

मी पाय उचलला. गाडी थांबली नाही, घरंगळत राहिली. मग मी पाय ब्रेकवर नेला आणि दाबला. मला तो न्यावा लागला, आप्पा, एखाद्याचा हात धरून नेतात तसा. चारशे फूट तरी आले असेन. दार उघडून मी मागं पळत सुटले.

मी पोचले तेव्हा दहा-बारा माणसं जमली होती. पहिल्यानं मला विचारलंसुद्धा नाही. केस धरून खाली पाडलं आणि थोबाडीत मारल्या, एक, दोन, मग मोजायचं कळलं नाही. कुणीतरी बरगडीत लाथ घातली. एका बाईनं चप्पल काढून तोंडावर मारली आणि म्हणाली, "गाडीत बसली म्हंजी मानसं काय किडं दिसत्यात व्हय?" दोघं जण माझ्या गाडीकडं धावले. काच फुटल्याचा आवाज मी जमिनीला कान लावून ऐकला. भुवई फाटून डोळ्यात रक्त गेलं होतं. मी हात वर केला नाही. फार मोठं काही नव्हतं त्यात. हात वर केला की फटका मनगटावर बसतो एवढंच डोक्यात होतं. सगळ्यात जास्त मला मारलं ते पांढऱ्या मिशांच्या एका माणसानं, तुमच्याच वयाचा, म्हणजे तुम्ही गेलात त्या वयाचा. तो प्रत्येक फटक्याला तेच एक विचारत होता, "दिसत न्हाई का? दिसत न्हाई का?"

तेवढ्यात आई चालत येऊन पोचली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, डोळ्यांना धड दिसत नाही. ती माझ्याकडं आली नाही. त्या पडलेल्या बाईशेजारी रस्त्यावर बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदराचा बोळा करून जखमेवर दाबला आणि कुणाकडंच न बघता म्हणाली, "मारायचं आसंल तर मागनं मारा तिला. मी धरून ठिवते. आदी हिला दवाखान्यात न्या." माणसं थांबली. पांढऱ्या मिशांच्या माणसानं इकडंतिकडं पाहिलं. "गाडी कुनाची हाय?" त्यानं विचारलं. दोन मोटरसायकली होत्या आणि एक ट्रॅक्टर. मी जमिनीवरून म्हणाले, "माझी चालू आहे." त्यानंच मला दंडाला धरून उभं केलं.

मागच्या सीटवर दोघांना घेतलं, आई खाली पाय ठेवायच्या जागेत बसली, बाईचं डोकं धरून. पांढऱ्या मिशांचा माणूस माझ्या शेजारी बसला आणि त्यानं माझी कॉलर मुठीत धरली. "पळालीस तर गळा दाबीन," म्हणाला. समोरची काच तडकलेली, एका डोळ्यात रक्त, मी शिरूरकडं गाडी वळवली. निम्म्या वाटेवर बॅटरी जराशी उतरली असावी. पाय उचलला आणि गाडीनं ओढ धरली, गचका बसला, मागं तो जखमी माणूस गुरासारखा ओरडला. मोडलेल्या मांडीला प्रत्येक गचका कळत होता. मग मी पाय पूर्ण उचललाच नाही. केसभर दाबायचा, केसभर सोडायचा. तुमचे कॅनव्हासचे बूट तेव्हा आठवले, लिहिते आहे म्हणून खोटं सांगत नाही. शेजारचा माणूस माझ्या पायांकडं बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "बिरेक न दाबता थांबती कशी ही?" मी सांगितलं, अशी अशी थांबते. तो म्हणाला, "मग मगाशी का न्हाई थांबली?" मी म्हणाले, "मगाशी मी ब्रेक दाबायला पाहिजे होता. दाबला नाही." त्यानं कॉलर लगेच सोडली नाही. पण मूठ सैल झाली.

दवाखान्यात दोघांना आत नेलं, माझ्या भुवईला पाच टाके घातले, आणि बाहेरच्या बाकावर मी आणि आई बसलो. तिच्या लुगड्यावर दुसऱ्या बाईचं रक्त वाळून कडक झालं होतं. मी विचारलं, तुला कसं माहीत. ती म्हणाली, "बंपरला दुदाचा वास येत व्हता. धुतला तरी फटीतलं आंबलं. आन् तू रातीची झोपंत म्हनायचीस, मानूस हाय, मानूस हाय." मग बाजारात कुणीतरी तिला शिक्रापूरच्या वस्तीवरच्या दूधवाल्याचं सांगितलं. दहाव्याच्या दिवशी ती जीपनं तिथं गेली.

"कशाला?" मी विचारलं.

"आपल्या घरचं मयत व्हतं त्ये," आई म्हणाली. "आपल्या हातचं म्हंजी आपल्या घरचंच."

तिथं बायकांनी विचारलं, तुम्ही कुणाच्या. ती म्हणाली, वाटंवरची हाय, ऐकलं म्हणून आले. मग ती चुलीपाशी बसली आणि दिवसभर आलेल्या-गेलेल्या माणसांसाठी भाकरी थापल्या. त्याची बायको शेजारी पीठ मळून देत होती. "तरनी व्हती. तुझ्यापरास धा वर्सांनी मोटी आसंल. मला म्हनली, मावशी, तुमच्या हाताला किती गती हाय. मला वाटलं सांगावं. तोंडापतुर आलं. मग डोळ्याम्होरं तू दिसलीस, आन् त्यो दिसला, आन् न्हाई सांगितलं." त्याच संध्याकाळी तुम्ही तिचा तो हात मोडलात, आप्पा. तुम्ही विचारत होता कुठं गेलतीस, आणि ती तुमचंच पाप झाकून गप्प होती. सांगितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं की तिला माहीत आहे, आणि मग तुम्ही आमच्या दोघींचं काय केलं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. मी बाकावरून उठले आणि भिंतीवर डोकं आपटलं, दोनदा. टाके उसवले. नर्सबाई धावत आली. आई म्हणाली, "बस खाली. आता काय करून घेतीस."

बाई तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. एका कानानं तिला आता ऐकू येत नाही. नवऱ्याच्या मांडीत सळई घातली आहे. कारेगावला कंपनीत होता, दिवसभर उभ्यानं करायचं काम, ते गेलं. दोघं सध्या दौंडला तिच्या माहेरी असतात, दर आठवड्याला मी जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं बसल्या जागेवरून कुबडी फेकून मारली, खांद्याला लागली. मी ती उचलून त्याच्या हाताशी ठेवली, त्यानं पुन्हा फेकली. बायको आतून आली आणि म्हणाली, "तिसऱ्यांदा न्हाई हां," ते कुणाला उद्देशून होतं कळलं नाही. तिनं मला चहा दिला नाही. गेल्या आठवड्यात दिला. त्यानं अजून एक शब्द उच्चारलेला नाही. केस चालू आहे. माझं लायसन्स काढून घेतलं तर घेऊ देत. तोपर्यंत गाडीची ती ओढ मी सगळ्यात कमीवर करून ठेवली आहे आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ब्रेक दाबायला लावते, माळावर नेऊन, पुन्हा पुन्हा, कंटाळून जाईपर्यंत. माझ्या हातात काही नसतं. परवा एकीचा पाय सात वेळा चुकला. माझा हात तिच्या गुडघ्याकडं गेला होता. मी गाडीतून उतरून जरा चालून आले.

हे सगळं मी तुम्हाला का लिहिते आहे ते सांगते. अपघाताच्या दिवशी दुपारी पोलीस दवाखान्यात जबाब घ्यायला आले. हवालदार भला माणूस होता. म्हणाला, "ताई, ब्रेक लागला नाही असं लिहू का? नवीन गाड्यांचं काही सांगता येत नाही." मी म्हणाले, ब्रेक चांगला होता, मी दाबला नाही, असंच लिहा. त्यानं तसं लिहिलं. मला बरं वाटलं. मी तुमच्यासारखी नाही, असं वाटलं. मग त्यानं त्या पांढऱ्या मिशांच्या माणसाला विचारलं, गाडी एवढ्या लांब कशी उभी होती. तो म्हणाला, "थांबती कुठं सायेब ती आशी. घसरत गेली पुढं. बाईनं सोताच सांगितलंय गाडीत." हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. "घसरत गेली?" आई शेजारी बसली होती. तिनं श्वास आत घेतला आणि धरून ठेवला.

मी "हो" म्हणाले, आणि सही केली.